मोकळ्या जागेतल्या चार मेंढ्या

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा तर विहिरीत लपून बसलेला फरारी आरोपी बादलीच्या दोराला धरून वर काढला. पण कुणी "साहेब, एखादी केस सांगा ना" म्हणालं की माझ्या डोळ्यांपुढं पहिल्यांदा येते ती ठाण्याच्या व्हरांड्यात आडवी टाकलेली मेंढी. हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला पिस्तूल हवं असतं. मी काय करू? मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्या मेंढीनं.

नोकरीची शेवटची दोन वर्षं मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. सगळे हयात आहेत, सुखात आहेत आणि संध्याकाळी एकाच कट्ट्यावर बसतात.

भाद्रपदातली सकाळ होती. पंधरा-वीस दिवस पावसानं ओढ दिली होती आणि उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. हजेरी झाली होती, रात्रपाळीचे लोक सुटले होते, ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहीत होते आणि माझ्यासमोर पहिला चहा आला होता. एवढ्यात फाटकातून एक माणूस आत आला. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी आणि घोंगडीवर मेलेली मेंढी. त्यानं ती अलगद व्हरांड्यात ठेवली, तिची मान सरळ केली आणि मला म्हणाला, "सायेब, हिला कुनीतरी औषध घातलंय. आजून तीन पडल्यात. नऊ तडफडून राहिल्यात. तुमी बघा."

त्याच्या मागून दोन माणसं धापा टाकत आली. एक होते गावाबाहेरच्या एका कॉलनीच्या सोसायटीचे अध्यक्ष. दुसरे त्याच कॉलनीत राहणारे साठीचे गृहस्थ, मेंढपाळाचे थोरले भाऊ. कॉलनीत त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा काही बोलायला गेले तसा धाकट्यानं हात वर केला.

"तू बोलू नको दादा. तुह्या कॉलनीत आनली म्हून मेली. आता म्या तुह्या दारात पाय ठेवनार न्हाई."

अण्णांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. 

आता आधीची हकिगत सांगतो, नाहीतर कॉलनीत मेंढ्या कशाला, हा प्रश्न तुम्हालाही पडेल. मलाही पडला होता.

चाळीसेक घरांची कॉलनी. मधोमध सोसायटीची मोकळी जागा, कोपऱ्यात पाण्याची टाकी, कडेनं लावलेली झाडं. पावसाळा आला की तिथं कमरेएवढं गवत माजायचं, साप निघायचे. बाहेरचे ठेकेदार ठेवून पाहिले. एक अर्धं गवत कापून गेला तो आलाच नाही. दुसऱ्यानं गवताबरोबर आंब्याची रोपंही कापली. शेवटी सर्वसाधारण सभेत कुणीतरी सुचवलं की आपल्यातल्याच माणसाला हे काम पगारी ठेक्यानं द्यावं. अण्णा शाळेतले कारकून म्हणून निवृत्त झाले होते. जन्म मेंढपाळाच्या घरातला, अंगात काम आणि वागण्यात सरळपणा. टाकी, झाडं, दिवे आणि मोकळी जागा यांची देखभाल अण्णांकडं द्यायची असं ठरलं. हात वर झाले, चाळीस.

एकच हात खाली राहिला. तो होता एका निवृत्त हेडक्लार्कचा. पाठीमागं लोक त्यांना नियमसाहेब म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. ते उभे राहून म्हणाले, "माणूस चांगला आहे म्हणूनच माझा विरोध आहे. परक्याचं काम चुकलं तर आपण तोंडावर सांगतो. आपल्या माणसाला कुणी सांगणार नाही. तोही आपल्याला काही सांगणार नाही. सगळे मनात ठेवतील. माझा विरोध इतिवृत्तात लिहा."

तो लिहिला गेला. लोक हसले. स्टँपपेपरवर करार झाला आणि अण्णांनी काम सुरू केलं.

गवतासाठी अण्णांनी मशीन आणलंच नाही. आपल्याकडं शेतकरी रानात मेंढ्या बसवतात ना, गवतही खाल्लं जातं आणि जमिनीला खतही मिळतं, तेच त्यांनी केलं. धाकट्या भावाचा कळप. भाऊ आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या बाजूच्या खेड्यात राहायचा आणि पावसाळ्यात कळप घेऊन फिरायचा. श्रावणात त्यानं तीसेक मेंढ्या कॉलनीत तीन दिवस बसवल्या. मोकळी जागा साफ झाली. बायकांनी पाण्याच्या बादल्या ठेवल्या, पोरांनी मोबाईलवर फोटो काढले, अध्यक्षांनी तर कोकराला कडेवर घेऊन फोटो काढला आणि तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. सगळे खूश होते. फक्त नियमसाहेबांनी फाटकासमोर लेंड्या पडल्याबद्दल दोन लेखी अर्ज दिले.

महिन्याभरानं गवत पुन्हा वाढलं म्हणून कळप दुसऱ्यांदा आणला आणि पहिल्याच सकाळी हे झालं. जागा तीच, मेंढ्या त्याच. पहिल्यांदा काही झालं नाही आणि आता तासाभरात चार मेल्या. मग कुणालाही जे वाटेल तेच मला वाटलं.

फिर्याद धाकट्या भावाची घेतली. कळप आत सोडून तो जंताचं औषध आणायला जनावरांच्या दवाखान्यात गेला होता, तेवढा वेळ मेंढ्यांवर अण्णा होते. तो परत आला तेव्हा मेंढ्या टाकीमागं आडव्या पडत होत्या. त्याच पावली तो डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टर तरुण होता, पण हाताला चपळ. त्यानं सुया टोचल्या आणि दुपारपर्यंत नऊच्या नऊ मेंढ्या उठून उभ्या राहिल्या. मेलेल्यांची चिरफाड झाली. डॉक्टर म्हणाला, "रक्त लालभडक आहे. विषच आहे. काही औषधांनी असं होतं. कोवळ्या ज्वारीनंही होतं, विशेषतः पाऊस ताणला असेल तर."

मी अण्णांना विचारलं, "इथं कुठं ज्वारी होती?"

"न्हाई सायेब. कॉलनीत ज्वारी कोन पेरनार?"

अध्यक्षही नाही म्हणाले. मी टाकीमागं जाऊन पाहिलं. जमीन तुडवलेली, खाल्लेली, भुईसपाट. नमुने प्रयोगशाळेकडं पाठवले. तिथला अहवाल कधी येईल ते सांगायला मी ज्योतिषी नव्हतो. ज्वारीचा विषय मी तिथंच सोडला. ही माझी चूक, ती आधीच कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. "नियमसाहेबांच्या घरी फवारणीच्या औषधाची बाटली हाय. अन् मानूस रोज पहाटे मोकळ्या जागेत फिरून राहिला. पिशवी घेऊन जातो. म्या सोता बघितलं." एवढं बोलून फोन बंद.

खबर देणारा खोटं बोलत नव्हता, हे मी आजही म्हणतो. पुढं तो कोण हेही कळलं. त्याची गाडी आडवी लावण्यावरून नियमसाहेबांनी त्याला दोनदा खडसावलं होतं. त्यानं जे पाहिलं तेच सांगितलं, फक्त सांगताना आपला राग त्यात मिसळला. नोकरीत मला आलेल्या निम्म्या खबरा अशाच होत्या.

आम्ही पंच घेऊन नियमसाहेबांच्या घरी गेलो. त्यांनी वॉरंटचं विचारलं, कलम विचारलं, पंचांची नावं नीट लिहिली का ते पाहिलं आणि मग स्वतः दार उघडून बाजूला झाले. परसात लिंबाचं झाड होतं आणि फळीवर कीटकनाशकाची बाटली, अर्धी रिकामी. भिंतीला टेकून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांनी ठासून भरलेली तीन पोती होती. आमचे जमादार म्हणाले, "ही काय भानगड?" नियमसाहेब म्हणाले, "कचरा आहे. कचऱ्याला कलम नाही." बाटली जप्त केली. पोत्यांची नोंद पंचनाम्यात घेतली आणि तिथंच सोडली.

बातमी आमच्या आधी कॉलनीत पोचली होती. आम्ही बाहेर आलो तेव्हा त्यांच्या फाटकावर कुणीतरी कोळशानं 'मेंढीमार' असं लिहिलं होतं. सत्तरीच्या माणसानं ते वाचलं, आत जाऊन ओलं फडकं आणलं आणि आमच्यासमोर ते पुसलं.  मला वाईट वाटलं, पण वाईट वाटतं म्हणून संशय सोडता येत नाही.

नोटीस देऊन त्यांना ठाण्यात बोलावलं. ते वेळेच्या पाच मिनिटं आधी आले, काखेत फाईल. चहा नको म्हणाले. सिनेमात दाखवतात तशी चौकशी आम्ही करत नाही. समोरच्याला बोलू द्यायचं आणि तो कुठं थांबतो ते बघायचं. नियमसाहेब कुठंच थांबत नव्हते. बाटली कधी घेतली, कोणत्या दुकानातून, लिंबावर कोणती कीड होती, सगळं घडाघडा.

"तुमचा या ठेक्याला विरोध होता."

"लेखी होता. आजही आहे."

"मेंढ्यांबद्दल दोन अर्ज दिलेत."

"लेंड्यांबद्दल दिलेत. मेंढ्यांबद्दल नाही. अर्ज वाचा."

"पहाटे मोकळ्या जागेत पिशवी घेऊन कशाला जाता?"

इथं ते थांबले. पहिल्यांदाच. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"त्याचा याच्याशी संबंध नाही."

"ते मला ठरवू द्या."

"साहेब, मी मेंढ्यांना काहीही घातलेलं नाही. बाकी मी सांगणार नाही. तसं लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. तीन वेळा विचारलं, तीन वेळा तेच उत्तर. माणूस एवढं सगळं सांगतो आणि नेमकं एक सांगत नाही, म्हणजे तिथंच पाणी मुरतंय, असं माझ्या अनुभवानं मला बजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी कारवाई करायची असं मी ठरवलं. अध्यक्षांचे फोन चालूच होते, "साहेब, लोक चिडलेत." मी म्हणालो, लोकांना सांगा, गुन्ह्याचा तपास हात वर करून होत नसतो. तरी आतून मीही जवळजवळ त्यांच्याच बाजूचा झालो होतो.

कारवाईआधी घटनास्थळाचा नकाशा पक्का करायला दुपारी मी जमादारांना घेऊन पुन्हा कॉलनीत गेलो. बाकीचा कळप गावी धाडून धाकटा भाऊ उठलेल्या नऊ मेंढ्या घेऊन कडुलिंबाच्या सावलीत बसला होता. दोन दिवस तो तिथंच होता. अण्णांचं घर टाकीला लागूनच, मागच्या भिंतीपलीकडं, पण तो उंबऱ्यावर गेला नव्हता. अण्णा लांब दुसऱ्या झाडाखाली बसले होते. मध्ये वीस पावलांचं अंतर.

जमादारांनी मला हळूच सांगितलं, ते दोघांना लहानपणापासून ओळखत होते. बाप लवकर गेला तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता. घरात एकानं शाळा सोडायची होती. धाकटा म्हणाला, "दादाला शिकू द्या, मला मेंढ्याच आवडतात." अण्णांची सगळी नोकरी, घर, पेन्शन त्या एका वाक्यावर उभं होतं. म्हणून "तुह्या दारात पाय ठेवनार न्हाई" हे अण्णांच्या वर्मी लागलं होतं. मेंढ्या चारच गेल्या होत्या, पण भाऊ गेला असता तर तो कुठून आणणार?

एवढ्यात अण्णांच्या बायको ताट घेऊन आल्या. कॉलनी त्यांना वहिनी म्हणते, मीही तेच म्हणतो. दिरासमोर त्यांनी ताट ठेवलं. पिठलं, कांदा आणि तीन चपात्या. धाकट्यानं ताटाकडं पाहिलं.

"वहिनी, भाकर न्हाई का? संक्रांतीला दोन पोती ज्वारी टाकली ना म्या."

"आज पीठ सरलंय भावजी," वहिनी म्हणाल्या आणि लगेच वळल्या.

मी खेड्यात वाढलेला माणूस आहे. घरात ज्वारी असताना मेंढपाळ दिराला चपाती वाढणारी भावजय मी तरी पाहिली नव्हती. आणि आदल्या दिवशी जबाब घ्यायला गेलो तेव्हा अण्णांच्या दारात पायपुसणं म्हणून घातलेलं पोतं मी पाहिलं होतं. त्यावर निळ्या रंगाचा गोल होता. तोच गोल इथं मेंढ्यांच्या पाठीवर होता. दोन म्हाताऱ्या माणसांनी आठ महिन्यांत दोन पोती ज्वारी संपवली असेल? मग डॉक्टरचं वाक्य आठवलं आणि माझाच मला राग आला.

मी महिला शिपायाला बोलावून घेतलं, कारण बाईमाणसाला ठाण्यात बोलावत नाहीत, जबाब तिच्या घरीच घेतात. अण्णांना बाहेरच बसायला सांगितलं. वहिनी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या.

मी एकच प्रश्न विचारला. "वहिनी, ज्वारी कुठं गेली?"

त्यांनी उलटं विचारलं, "त्या नियमवाल्या भाऊंना तुमी उद्या नेनार व्हय?"

"बहुतेक."

तशा त्या रडायलाच लागल्या. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "त्यांना नेऊ नका सायेब. म्याच मारल्या. मला ठावं नव्हतं वो."

चार वर्षांपूर्वी वहिनींचं मनगट मोडलं होतं. हाड जुळलं, पण भाकरी थापायचा जोर गेला. तेव्हापासून घरात चपात्या, त्याही शेजारणीकडून लाटून घेतलेल्या. आणि दीर मात्र दर संक्रांतीला निवडून, पाखडून, उन्हं दाखवून दोन पोती ज्वारी टेंपोतून आणायचा, स्वतःच्या डोक्यावरून आत ठेवायचा आणि म्हणायचा, "वहिनी, औंदाची लई गोड हाय." वहिनी दरवर्षी ती शेजारीपाजारी वाटून टाकायच्या. यंदा एकच पोतं वाटलं, दुसऱ्यातली ज्वारी राहिली आणि किडली. श्रावणात मेंढ्या जाऊन आठवडा झाल्यावर, भर दुपारी, दिराच्या कानावर जाऊ नये म्हणून त्यांनी ती मागच्या भिंतीवरून टाकीमागं ओतली. पाखरं खातील असं त्यांना वाटलं. पुढं दोन चांगल्या सरी आल्या, दाणे उगवले आणि नंतर पाऊस थांबला. पाण्यावाचून खुंटलेली वीतभर कोवळी ज्वारी, जनावरासाठी त्याहून वाईट काही नाही.

"तुम्ही अण्णांना सांगितलं?"

"यांना बी न्हाई. लग्न होऊन आले तवा भावजी एवढुसे व्हते. म्या खाऊ घातलंय त्यांना. ते एवढ्या हौसेनं आनतात, त्यांना कसं सांगू खात न्हाई म्हून?"

अण्णांना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सायेब, टाकीमागं कोवळं हिरवं दिसलं म्हून म्याच हाकलल्या तिकडं. म्हनलं, खाऊ द्या जरा चांगलं." धनगराच्या पोटी जन्मलेला माणूस, पण चाळीस वर्षं शाळेच्या टेबलामागं बसलेला. त्यांना वीतभर ज्वारी ओळखू आली नाही. धाकट्यानं ती दहा पावलांवरून ओळखली असती.

धाकट्याला कुणी सांगायचं? मी म्हणालो, मी सांगतो. वहिनी म्हणाल्या, "न्हाई. म्याच सांगते." आणि डोळे पुसून त्या तशाच अनवाणी मोकळ्या जागेत गेल्या. आम्ही मागं उभे राहिलो. बोलणं ऐकू आलं नाही. धाकटा उठला, टाकीमागं गेला, उकिडवा बसला आणि बोटांनी माती उकरून एक खुंट उपटला. मुळाला दाण्याचं टरफल अजून चिकटलेलं होतं. ते त्यानं बराच वेळ हातात धरलं.

मग तो वहिनींकडं वळून म्हणाला, "हात दुखतो तं सांगायचं व्हतं वहिनी. म्या गहू आनला असता."

एवढंच. वहिनी हुंदके देत होत्या आणि तो त्यांना पाणी देत होता. अण्णा वीस पावलं चालून आले आणि भावाच्या शेजारी मातीत बसले. आमच्या जमादारांनी टोपी काढून उगाचच आतून पाहिली. माझेही डोळे भरले, ते लपवण्याचं वय आता राहिलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी नियमसाहेबांच्या घरी गेलो, वर्दीतच. माझा संशय चुकला, असं सरळ सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फाईल उघडली. आत अध्यक्षांच्या नावे अर्धवट लिहिलेला अर्ज होता: 'टाकीमागे मक्यासारखे पीक उभे असून ते करारात बसत नाही.' दहा दिवस आधीची तारीख. म्हणजे मेंढ्या येण्याआधी ते पीक पाहिलेला हा एकच माणूस होता.

"मग दिला का नाही?"

"मेंढ्या येणारच होत्या. म्हटलं, खाऊन टाकतील."

त्यांनी फाईल मिटून ठेवली. मग मी विचारलं, "आता तरी सांगा. पहाटे पिशवी घेऊन काय करता?"

ते इतके अवघडले की मला हसू आलं. "कॅरीबॅगा वेचतो. मेंढ्या खातात त्या. पोटात अडकतात."

"अहो, मग ठाण्यात का नाही सांगितलंत?"

"मी लेखी विरोध नोंदवलाय साहेब. काम उत्तम चाललंय आणि मी त्याला हातभार लावतोय, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

अनुभव अनुभव म्हणून आम्ही मिरवतो. माझ्या चौतीस वर्षांच्या अनुभवानं एका संकोची माणसाला जवळजवळ आरोपी केलं होतं. पुढं प्रयोगशाळेनंही ज्वारीचंच विष सांगितलं. गुन्हा 'क' समरीत काढला, म्हणजे खराही नाही, खोटाही नाही, गैरसमजातून दाखल झालेला. न्यायालयानं तो मान्य केला.

अण्णांनी ठेक्याचा राजीनामा दिला. त्यासाठी सभा बोलावली गेली आणि मला आग्रहानं नेलं. राजीनामा वाचून झाला. सगळे खाली मान घालून बसले. तेव्हा नियमसाहेब उभे राहिले. "माझा या ठेक्याला विरोध होता. कारण मी सांगितलं होतं, आपल्या माणसाला कुणी तोंडावर सांगत नाही. ते खरं ठरलं. पण त्यात मीही आलो. म्हणून आता तोंडावर सांगतो. अण्णा, तुमचं काम चांगलं आहे. राजीनामा नामंजूर करावा. मात्र करारात दोन ओळी घाला. मोकळ्या जागेत कुणीही काही टाकणार नाही, आणि मेंढ्या आत असताना धाकटे भाऊ हजर राहतील."

धाकटा भाऊ दारात उभा होता. तो म्हणाला, "तिसरी बी वळ घाला. सायबांनी पिशव्या वेचायचं सोडू नये."

सभा हसली, नियमसाहेबही हसले. या वेळी एकही हात खाली नव्हता. फाटकावर कोळसा फासणारा कोण ते मी शोधलं नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन ते फाटक रंगवून दिलं, म्हणजे शोधायचं काही उरलं नाही.

लोक विचारतात, शेजाऱ्याला पगारी कामाला ठेवावं का? मी म्हणतो, जरूर ठेवा. आपल्या जागेवर माया असलेला माणूस दुसरा कुठं मिळणार? पण चुकलं तर त्याला सांगा आणि चांगलं झालं तर तेही सांगा. वाईट हेतूनं झालेले गुन्हे मी पुष्कळ पाहिले. त्या कॉलनीत मात्र सगळे एकमेकांना जपत होते आणि जपता जपता चार मेंढ्या मेल्या, एक भला माणूस बदनाम झाला आणि भावाला भाऊ तुटता तुटता राहिला.

केस मिटली त्या आठवड्यात मी घरी जेवायला बसलो तर ताटाशेजारी लिंबाच्या लोणच्याची बरणी. नरसीला राहणारी माझी थोरली बहीण दर उन्हाळ्यात दोन बरण्या पाठवते. ब्लडप्रेशरमुळं डॉक्टरांनी मला लोणचं बंद करून सहा वर्षं झाली होती. बरणी पाहुण्यांना जायची आणि मी अक्काला फोनवर "एक नंबर झालंय" म्हणायचो. त्या दिवशी मी हात धुतले आणि तिला फोन लावला.

"अक्का, रागावू नको. मी लोणचं खात नाही. सहा वर्षं झाली."

बोलणी खायच्या तयारीनं मी फोन कानापासून जरा लांब धरला. 

मग अक्का खो खो हसत सुटली. "आरं लेकरा, आधी काहून न्हाई सांगितलं? मलाबी डॉक्टरनं कधीच बंद केलंय. तुला आवडतं म्हून दरसाल घालून राहिले व्हते. कंबर मोडून गेली माही."